मोडलेले जू

भविष्य हा शब्द उच्चारला की आपल्यापुढे पंचांग, पत्रिका आणि शनीची साडेसाती उभी राहते. कोणीतरी काळाच्या पडद्याआड डोकावतो आणि पुढे काय घडणार ते आधी सांगून मोकळा होतो, अशी आपली समजूत असते. बायबलच्या जुन्या करारातील यशया, आमोस, मीखा यांच्या ग्रंथांना आपण 'भविष्यग्रंथ' म्हणू लागलो की ही सारी समजूत आपोआप त्यांना जाऊन चिकटते. वास्तविक मराठी बायबलने त्यांच्यासाठी 'संदेष्टा' हा फार चांगला शब्द योजला आहे. हिब्रू भाषेतील मूळ शब्द 'नाबी'. त्याचा संबंध अभ्यासक 'हाक मारणे' या अर्थाच्या धातूशी जोडतात. ज्याला हाक आली आणि जो ती हाक दुसऱ्यांना पोचवतो, तो नाबी. त्याच्या हाती पोथी नसते आणि तो दक्षिणाही मागत नाही. तो थेट राजाच्या तोंडावर बोलतो. बहुतेक वेळा राजाला आवडणार नाही असेच बोलतो.

या लेखात मी यशयाच्या ग्रंथातील एकाच भाकिताविषयी लिहिणार आहे. नवव्या अध्यायाची पहिली सात वचने. अंधारात चालणाऱ्या लोकांना मोठा प्रकाश दिसतो, त्यांचा आनंद वाढतो, त्यांच्या खांद्यावरचे जू मोडते आणि एक बालक जन्माला येते, असा त्याचा आशय. नाताळच्या दिवसांत चर्चमध्ये ही वचने वाचली जातात. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना त्यांचे पडसाद पानोपानी भेटतात. मी ती प्रथम इंग्रजीत वाचली आणि सुंदर वाटूनही ती मला अधांतरी वाटली. कोणता अंधार? कसले जू? कोणाचा आनंद? पुढे पंडिता रमाबाईंच्या भाषांतराची माहिती मिळाली. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या बायकांनाही समजावे म्हणून सगळे बायबल त्यांनी सोप्या मराठीत उतरवले. १९२२ साली मृत्यूपूर्वी त्यांनी हे काम हातावेगळे केले. ज्या बाईने दुष्काळातून आणि वैधव्याच्या जाचातून मुलींना केडगावला आणून वाढवले, तिने या ग्रंथाचे भाषांतर मुळापासून स्वतः करावे असा हट्ट का धरला असेल, या प्रश्नाने मी या वचनांकडे पुन्हा वळलो. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार माझा नाही. पण त्या निमित्ताने जे वाचले ते सहाध्यायांपुढे ठेवतो.

प्रथम काळ पाहू. इसवी सनापूर्वीचे आठवे शतक. शलमोन राजाच्या मृत्यूनंतर, म्हणजे सुमारे इ. स. पू. ९३० मध्ये, हिब्रू लोकांच्या राज्याची दोन शकले झाली होती: उत्तरेला इस्राएल, त्याची राजधानी शोमरोन, दक्षिणेला यहूदा, त्याची राजधानी यरुशलेम. यशया यरुशलेमचा. पूर्वेला, आजच्या इराकच्या उत्तर भागात, अश्शूरांचे साम्राज्य होते आणि इ. स. पू. ७४५ मध्ये तिथे तिसरा तिग्लथ-पिलेसर गादीवर आला. आतापर्यंत अश्शूरी फौजा येत, लुटत आणि परत जात. या राजाने पद्धत बदलली. जिंकलेला मुलूख तो प्रांत म्हणून राज्याला जोडू लागला, तिथे आपले सुभेदार नेमू लागला आणि तिथल्या माणसांना उचलून शेकडो कोस दूर नेऊन बसवू लागला. माणूस जमिनीपासून तोडला की बंड करीत नाही, हे त्या लोकांना पक्के ठाऊक होते.

या साम्राज्याची खंडणी कशी वसूल होत असे त्याचा एक हिशेब बायबलमध्येच नोंदलेला आहे. इस्राएलचा राजा मनहेम याने तिग्लथ-पिलेसरला १००० किक्कार चांदी दिली आणि ती आपल्या राज्यातील प्रत्येक धनवानाकडून ५० शेकेल याप्रमाणे गोळा केली, असे राजांच्या दुसऱ्या पुस्तकात म्हटले आहे. एका किक्काराचे ३००० शेकेल. म्हणजे गणित सरळ आहे: ६० हजार माणसांवर हा बोजा पडला. आता हे धनवान स्वतःच्या तिजोरीतून ५० शेकेल काढून गप्प बसले असतील काय? ज्याच्याकडे जमीन आहे तो कुळाकडून काढणार, आणि कुळ शेवटी धान्याच्या राशीतून काढणार. सम्राटाचे जू राजाच्या मानेवर, राजाचे धनवानाच्या, धनवानाचे शेतकऱ्याच्या. सर्वांत खाली जो असतो त्याला सम्राटाचे नावही ठाऊक नसते. त्याला फक्त दारात उभा राहिलेला वसुलीवाला दिसतो.

पुढे इ. स. पू. ७३४ ते ७३२ या काळात इस्राएल आणि दिमिष्क यांनी मिळून अश्शूरविरुद्ध उठाव केला आणि यहूदाने त्यात सामील व्हावे म्हणून यरुशलेमवर चाल केली. यहूदाचा राजा आहाज घाबरला. यशयाने त्याला धीर धरण्यास सांगितले. त्याने ऐकले नाही. मंदिरातील सोने-रुपे काढून त्याने तिग्लथ-पिलेसरला पाठवले आणि मदत मागितली. मदत आली. अश्शूरी सैन्याने गिलाद, गालील आणि नफतालीचा सगळा मुलूख घेतला आणि तिथल्या लोकांना कैद करून नेले. इ. स. पू. ७३२ मध्ये दिमिष्क पडले. दहाएक वर्षांनी शोमरोनही पडले आणि तिथून आपण २७ हजारांहून अधिक माणसे नेली असे सार्गोन या अश्शूरी राजाने कोरून ठेवले.

यशयाच्या भाकिताची सुरुवात जबुलून आणि नफताली या दोन नावांनी का होते, ते आता कळते. गालीलचा हाच तो प्रदेश. आधी चिरडला गेलेला, यरुशलेमच्या राजाने स्वतः बोलावलेल्या सैन्याने चिरडलेला. अंधारात चालणारे लोक म्हणजे कोणी गूढ, आध्यात्मिक अंधारातले लोक नव्हेत. निदान पहिल्या अर्थी तरी नव्हेत. ज्यांची गावे गेली, ज्यांची माणसे नेली, तेच हे लोक.

आणि अशा लोकांना उद्देशून यशया आनंदाची भाषा बोलतो. त्यातही एक व्याकरणाची गंमत आहे. तो 'प्रकाश दिसेल', 'जू मोडेल' असे म्हणत नाही. सगळी क्रियापदे भूतकाळी, पूर्ण झालेल्या क्रियेची वापरतो. दिसला, वाढवला, मोडले. हिब्रू व्याकरणकार याला संदेष्ट्यांचा भूतकाळ म्हणतात. जे व्हायचे आहे ते त्याच्या लेखी होऊन गेले आहे. आपणही बसमध्ये चढता चढता खाली उभ्या असलेल्या माणसाला 'आलोच' म्हणतो, त्यातला भूतकाळ काहीसा या जातीचा असावा.

या आनंदाला यशयाने दोन उपमा दिल्या आहेत. एक सुगीच्या आनंदाची, दुसरी लूट वाटून घेणाऱ्यांच्या आनंदाची. दुसरी उपमा आज आपल्याला खटकते आणि खटकावीही. पण ज्यांना आजवर फक्त लुटले गेले त्यांच्या तोंडी ती आली आहे हे विसरून चालणार नाही. याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायात यशयाने आपल्या एका मुलाचे नावच 'लूट लवकर, शिकार झटपट' अशा अर्थाचे ठेवल्याची हकिगत आहे. अश्शूर काय करणार याची ती चालती-बोलती पाटी होती.

सुगीची उपमा मात्र मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. सुगी आली म्हणजे आनंद होतो, यात नवीन ते काय, असे वाटेल. पण लगेच पुढच्या वचनात यशया मिद्यानाच्या दिवसाची आठवण काढतो आणि ही आठवण शास्त्यांच्या पुस्तकातील गिदोनाच्या गोष्टीची आहे. ती गोष्ट अशी. मिद्यानी लोक उंटांवर बसून टोळधाडीसारखे येत. कधी येत? पेरणी होऊन पीक उभे राहिले म्हणजे. पीक खाऊन फस्त करीत. मेंढरू, बैल, गाढव काहीही मागे ठेवीत नसत. अशी सात वर्षे गेली. गिदोन आपल्याला प्रथम भेटतो तो द्राक्षे तुडवण्याच्या कुंडात लपून गहू झोडताना. खळे उघड्यावर, वाऱ्यावर असायचे. तिथे झोडले तर भुसा उडतो आणि धूळ पाहून लुटारू येतात. म्हणून हा गृहस्थ खड्ड्यात उतरून स्वतःच्याच शेतातला गहू चोरासारखा झोडतो आहे! हे एक चित्र डोळ्यांपुढे ठेवले म्हणजे 'सुगीचा आनंद' या दोन शब्दांचे वजन कळते. पीक येणे हा त्यातला निम्माच भाग. ते उघड्या खळ्यावर, सर्वांसमक्ष, निर्भयपणे मळता येणे आणि घरात नेता येणे, हा उरलेला भाग. यशयाचा आनंद हा आहे.

गिदोनाने मिद्यान्यांना हरवले ते ३०० माणसांनिशी, रात्री, मडक्यात लपवलेल्या मशाली आणि शिंगे घेऊन. मडकी फोडली, अंधारात एकदम उजेड झाला, शिंगे वाजली आणि छावणीत पळापळ झाली. अंधारात अचानक प्रकाश! यशयाच्या भाकिताची पहिली प्रतिमा आणि मिद्यानाची आठवण यांचा धागा इथे जुळतो असे मला वाटते. ही जुळणी यशयाने मुद्दाम केली की नाही, ते तज्ज्ञांनी ठरवावे.

यानंतर जू, खांद्यावरची काठी आणि मुकादमाची छडी. हे शब्द वरवर पाहता काव्यातले वाटतात; प्रत्यक्षात ते कचेरीतले आहेत. अश्शूरचे राजे आपल्या शिलालेखांत अमुक देशावर आपण अश्शूर देवाचे जू लादले, असे अभिमानाने कोरून ठेवीत. यशयाने त्यांचाच सरकारी शब्द उचलला आणि तो मोडून दाखवला. पुढच्या वचनात सैनिकांचे दणदणणारे जोडे आणि रक्ताने माखलेले कपडे जळणाला टाकले जातात. जोड्यासाठी इथे आलेला हिब्रू शब्द 'सओन' सबंध बायबलमध्ये दुसरीकडे कुठेही येत नाही. तो अश्शूरी भाषेतील जोड्याच्या शब्दाशी जुळतो. म्हणजे ज्यांचे जोडे, त्यांचाच शब्द. त्यांचे उंच बांधणीचे जोडे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील शिल्पपटांवर आजही पाहायला मिळतात. लाखीश या यहूदी शहराचा पाडाव दाखवणारे शिल्पपट तिथेच आहेत: एका बाजूला शिड्या आणि यंत्रे, दुसऱ्या बाजूला बैलगाडीवर गाठोडी आणि मुले घालून चाललेली कुटुंबे. यशयाच्या श्रोत्यांना हे सांगावे लागत नव्हते.

मुकादमासाठी यशयाने वापरलेला 'नोगेस' हा शब्द लक्षात ठेवावा, कारण तो पुढे पुन्हा येणार आहे. मिसर देशात इस्राएली लोकांकडून विटा पाडून घेणारे जे मुकादम होते, त्यांच्यासाठी निर्गमाच्या पुस्तकात हाच शब्द आहे.

आनंदाविषयीच्या वचनात एक मजेदार पाठभेदही आहे. हिब्रूत 'लो' असा उच्चार असलेले दोन शब्द आहेत. एक आलेफ अक्षराने लिहितात, त्याचा अर्थ 'नाही'. दुसरा वाव अक्षराने, त्याचा अर्थ 'त्याला'. परंपरागत हस्तलिखितांत या ठिकाणी 'नाही' लिहिलेला आहे आणि समासात 'त्याला असे वाचावे' अशी सूचना आहे. एका अक्षराने अर्थ उलटा होतो! तू राष्ट्र वाढवलेस आणि त्याचा आनंद वाढवलास, की राष्ट्र वाढवलेस पण आनंद वाढवला नाहीस? १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतराने 'नाही' हाच पाठ धरला आणि पावणेतीनशे वर्षे इंग्रज वाचक हे वचन तसेच वाचत आले. १८८५ च्या सुधारित आवृत्तीने तो बदलला. संदर्भ पाहता समासातला पाठच बरोबर आहे, यात मला शंका वाटत नाही. परंतु त्या चुकीच्या पाठातही एक सत्य दडले आहे. यशयाच्या थोडे आधी दुसऱ्या यराबामाच्या काळात इस्राएलची भरभराट झाली होती. आमोस हा संदेष्टा त्या काळातील हस्तिदंती घरांवर कोरडे ओढतो, आणि शोमरोनच्या उत्खननात कोरीव हस्तिदंताचे तुकडे खरोखरच सापडले आहेत. राष्ट्र वाढले होते. आनंद कोणाचा वाढला होता, हा प्रश्नच होता.

आता बालकाविषयी. त्याला चार जोडनावे दिली आहेत. सल्ला, सामर्थ्य, पितृत्व आणि शांती यांच्याशी निगडित. ख्रिस्ती परंपरा हे बालक म्हणजे येशू ख्रिस्त असे मानते. यहूदी भाष्यकारांपैकी राशीसारखे मोठे पंडित ते आहाजचा मुलगा हिज्कीया असे मानतात. आल्ब्रेख्ट आल्ट या जर्मन अभ्यासकाने असे मत मांडले की, हा नवीन राजाच्या राज्याभिषेकप्रसंगीचा घोष असावा. मिसरी राजांनाही अभिषेकाच्या वेळी पाच नावे मिळत असत. हा वाद सोडवणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि श्रद्धेचा भाग श्रद्धावंतांकडे राहू द्यावा. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मात्र एक गोष्ट नमूद करतो. हिज्कीयाच्या कारकिर्दीत जू मोडले नाही. इ. स. पू. ७०१ मध्ये सन्हेरीब चालून आला. यहूदाची तटबंदीची ४६ शहरे आपण घेतली आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखे यरुशलेमात कोंडले, अशी बढाई त्याने मातीच्या षट्कोनी लेखावर मारली आहे. यरुशलेम वाचले खरे, पण ३० किक्कार सोने द्यावेच लागले. या आकड्यावर बायबल आणि सन्हेरीब यांचे एकमत आहे, चांदीच्या आकड्यावर नाही. तरीही लोकांनी यशयाची ही वचने फेकून दिली नाहीत. ती जपली, नकलली, पुढच्या पिढ्यांच्या हाती दिली. ज्योतिष खोटे ठरले की आपण पत्रिका फाडतो; संदेष्ट्याचे वचन उधार राहिले तर ते हुंडीसारखे जपून ठेवले जाते.

इथपर्यंत सारे सोपे आहे. जुलमी परका आहे, जू त्याचे आहे, ते मोडले की आनंद. मग यात पापाचा संबंध कुठे आला? सर्वसाधारण समजूत अशी की, जुलमातून सुटका ही एक राजकीय गोष्ट आणि पापातून सुटका ही वेगळी, आत्म्याची गोष्ट. यशयासारखे ग्रंथ वाचताना काही जण पहिलीवर भर देतात, काही दुसरीवर. मला वाटते, ही फाळणी यशयाला समजलीच नसती.

पाप म्हणजे काय, हे तो स्वतः सांगतो. पाचव्या अध्यायात घराला घर आणि शेताला शेत जोडत जाऊन दुसऱ्याला जागाच न ठेवणाऱ्यांना तो शाप देतो. दहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला अन्यायाचे कायदे लिहून गरिबांचा न्याय बुडवणाऱ्यांना आणि विधवांना लुटणाऱ्यांना तो जाब विचारतो. हे अश्शूरी नव्हेत बरे! हे यरुशलेमचे प्रतिष्ठित नागरिक. आणि त्यानंतर लगेच, त्याच दहाव्या अध्यायात, तो अश्शूरला देवाच्या रागाची काठी म्हणतो. नवव्या अध्यायात जी काठी मोडली तीच ही. परक्याची काठी पाठीवर का बसली, तर आपण आपल्याच माणसाच्या पाठीवर काठी चालवली म्हणून, असा हा हिशेब आहे. काठीच पुढे शेफारते, तेव्हा तीही मोडली जाते, हा पुढचा भाग.

'जू' या शब्दाचाही घरचा इतिहास आहे. शलमोनाच्या वैभवाच्या आपण गोष्टी वाचतो. ते वैभव वेठीवर उभे होते. लबानोनातून लाकूड आणण्यासाठी त्याने इस्राएलातून ३० हजार माणसे वेठीला धरली. दहा-दहा हजारांची पाळी, एक महिना डोंगरात आणि दोन महिने घरी. त्याचा मुलगा रहबाम गादीवर आला तेव्हा लोक त्याच्याकडे गेले आणि बापाने घातलेले जू हलके कर, एवढेच त्यांनी मागितले. वृद्ध सल्लागारांनी मान्य करायला सांगितले. बरोबरीच्या तरुण मित्रांनी उलट सल्ला दिला. रहबामाने तरुणांचे ऐकून जू आणखी जड करण्याची धमकी दिली आणि त्यावर वेठीचा अधिकारी अदोराम याला लोकांकडे पाठवले! लोकांनी त्याला दगडमार करून ठार केले. राज्य फुटले ते तिथे. म्हणजे हिब्रू माणसाच्या मानेवरचे सर्वांत जुने, आठवणीतले जू मिसरचे, आणि त्यानंतरचे त्याच्या स्वतःच्या राजाचे. यशयाचे श्रोते 'जू' शब्द ऐकताना फक्त अश्शूरचा विचार करीत असतील, हे मला संभवनीय वाटत नाही.

यशयाच्या नावावर असलेला सगळा ग्रंथ एका माणसाचा नाही, हे मत बर्नहार्ड डूम यांच्या १८९२ च्या भाष्यापासून अभ्यासकांत रूढ झाले. चाळिसाव्या अध्यायापासूनचा भाग पुष्कळ नंतरचा, बाबेलच्या बंदिवासातला. इ. स. पू. ५८७-५८६ च्या सुमारास यरुशलेम जळले, लोक बाबेलला नेले गेले. ५३९ मध्ये इराणच्या कोरेशाने बाबेल घेतले आणि परतीची वाट मोकळी झाली. या भागातला अज्ञात कवी देवाला वारंवार 'गोएल' म्हणतो. मराठीत आपण त्याचे 'उद्धारक' करतो. पण गोएल हा मुळात भावकीतला माणूस. कर्जापायी भाऊबंदाची जमीन गेली तर ती सोडवून घेणारा, भाऊबंद स्वतः विकला गेला तर त्याला पैसे भरून परत आणणारा. धर्मशास्त्रातला एवढा मोठा शब्द गहाणखतातून आला आहे. एकसष्टाव्या अध्यायात बंदिवानांसाठी जी मुक्ती पुकारली आहे तिचा शब्द 'दरोर'. तोच शब्द लेवीयाच्या पुस्तकात पन्नासाव्या वर्षीच्या योबेल सणासाठी येतो, जेव्हा गहाण पडलेली शेते मूळ मालकाकडे आणि विकले गेलेले गुलाम आपापल्या घरी परत जायचे.

सर्वांत स्पष्ट बोलणे अठ्ठावन्नाव्या अध्यायात आहे. लोक तक्रार करतात: आम्ही उपवास केला, जिवाला कष्ट दिले, देवाचे लक्षच नाही. उपवास ही गोष्ट आपल्याला नवीन नाही, त्यामुळे तक्रारीचा सूरही ओळखीचा वाटेल. पापक्षालनासाठी केलेला हा उपवास. त्यावर उत्तर येते की, उपवासाच्या दिवशीही तुम्ही आपल्या मजुरांना राबवून घेता. इथे 'राबवून घेणे' यासाठी जे क्रियापद आहे ते 'नोगेस' याच धातूचे! मिसरचा मुकादम, अश्शूरचा मुकादम आणि आता उपवास करणारा धर्मनिष्ठ घरधनी, तिघांना एकच शब्द. मग खरा उपवास कोणता ते सांगितले आहे. प्रत्येक जू मोडणे, पिडलेल्यांना सोडणे, भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे. पापातून सुटण्याचा आणि दुसऱ्याला जुलमातून सोडवण्याचा इथे एकच विधी आहे.

ही गोष्ट केवळ कवितेत राहिली असती तर मी तिला एवढे महत्त्व दिले नसते. नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय वाचावा. बंदिवासातून लोक परत आले होते, यरुशलेमचा तट बांधणे चालू होते, आणि आया-बाप ओरडत आले. राजाचा कर भरण्यासाठी आम्ही शेते आणि द्राक्षमळे गहाण टाकले, आमच्या मुलीबाळी दासी झाल्या, आणि सावकार कोण, तर आमचेच यहूदी बांधव! नहेम्या संतापला. परक्यांना विकलेल्या बांधवांना आम्ही सोडवून आणले आणि तुम्ही त्यांनाच पुन्हा विकता, असे त्याने सरदारांना विचारले. त्यांना बोलता येईना. त्याने शेते, मळे, घरे परत करायला लावली आणि व्याज सोडायला लावले. इतकेच करून तो थांबला नाही; आपण स्वतः अधिकारी असूनही अधिकाऱ्याचा भत्ता घेतला नाही, असे तो लिहून ठेवतो. बाहेरचे जू मोडल्यावर आतले जू कोणाच्या हातात असते, हे या अध्यायाइतके सरळ क्वचितच कुठे सांगितले असेल.

पुढच्या काळात हे भाकीत कसे वाचले गेले, ते थोडक्यात सांगतो. येशू नासरेथ सोडून कफर्णहूमला राहायला गेला, म्हणजे त्याच जुन्या जबुलून-नफतालीच्या मुलखात, तेव्हा मत्तयाने यशयाच्या नवव्या अध्यायातील प्रकाशाचे वचन उद्धृत केले. पण तो तिथेच थांबला. सुगी, जू, जोडे यांपर्यंत गेला नाही. लूकने उलट केले. नासरेथच्या सभास्थानात येशू एकसष्टावा अध्याय वाचतो, सूडाच्या दिवसाच्या उल्लेखाआधी ग्रंथ गुंडाळून ठेवतो, आणि त्या वाचनात पिडलेल्यांना सोडवण्याचे शब्द अठ्ठावन्नाव्या अध्यायातून आणून मिसळलेले दिसतात. सूड गाळला, सुटका वाढवली. हा फरक कोणी अभ्यासून स्वतंत्र लेख लिहावा. आपल्या काळात मार्टिन ल्यूथर किंग यांनी २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन येथील भाषणात चाळिसाव्या अध्यायातील दऱ्या उंचावण्याचे वचन घेतले, ते कोणासाठी घेतले हे सर्वांना माहीत आहे.

मत्तयाप्रमाणे मधली वचने गाळणारा दुसरा मोठा माणूस म्हणजे हँडेल. किंवा न्याय द्यायचा तर त्याच्यासाठी बायबलमधून शब्द निवडणारा चार्ल्स जेनेन्स. 'मसाया' या त्यांच्या संगीतरचनेत अंधारातल्या लोकांचे वचन एक खर्जातला गायक गातो आणि त्यानंतर लगेच समूह बालकाच्या जन्माचा जल्लोष करतो. मधली तीन वचने नाहीत. सुगीचा आनंद नाही, मिद्यान नाही, जू नाही, मुकादमाची छडी नाही, जळणारे जोडे नाहीत. पहिला भाग संपतो तो येशूच्या हलक्या, सोयीच्या जुवाच्या वचनाने. म्हणजे 'जू' शब्द येतो, पण मोडण्यासाठी येत नाही. ऐकणाऱ्याला आनंद मिळतो आणि तो कशाचा आनंद आहे हे विचारावेसे वाटत नाही. संगीत अलौकिक आहे, यात वाद नाही. पण ती तीन वचने गाळून मिळालेला आनंद यशयाचा नव्हे, असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते.

तथापि त्याच रचनेच्या पहिल्या प्रयोगाची हकिगतही सांगितली पाहिजे. तो १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिन शहरात झाला. उत्पन्न तीन धर्मादाय कामांना वाटून द्यायचे ठरले होते: दोन रुग्णालये आणि कर्ज न फेडल्याबद्दल तुरुंगात पडलेल्या कैद्यांची सुटका. गर्दी इतकी अपेक्षित होती की, स्त्रियांनी घेराचे झगे आणि पुरुषांनी तलवारी घालून येऊ नये, म्हणजे जास्त माणसे मावतील, अशी विनंती करण्यात आली होती. त्या दिवशी जमलेल्या पैशांतून १४२ कर्जबाजारी कैदी सुटले.